मागणाऱ्याच्या पदरचे

कोणतीही लोकोपयोगी संस्था स्थापन झाली की तिच्या पहिल्या सभेत ध्येयधोरणांची चर्चा होते आणि दुसऱ्या सभेत पैशाची. शाळा असो, दवाखाना असो, वाचनालय असो की अनाथालय, कोणातरी दानशूर व्यक्तीच्या वा धर्मादाय निधीच्या दारात अर्ज घेऊन उभे राहण्याचा प्रसंग तिच्यावर येतोच. पुढे इमारत उभी राहते आणि दात्याचे नाव संगमरवरी फलकावर कोरले जाते. अर्ज करणाऱ्यांनी काय सोसले, स्वतःच्या पदरचे काय घातले आणि कोणत्या अटी मान्य केल्या, याची नोंद मात्र क्वचितच कोठे आढळते. ही नोंद तपशीलाने उपलब्ध असलेले एक उदाहरण आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. वीणा गवाणकर यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकाने ते आपल्या घराघरांत पोहोचविले. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील या संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली दाखल झाले आणि तेथील नापीक मातीत त्यांनी सोने पिकविले, ही कथा आपण जाणतो. परंतु कार्व्हरांना ज्यांनी बोलावून घेतले, त्या बुकर टी. वॉशिंग्टन यांना संस्थेच्या उभारणीसाठी पैसा कोठून मिळत असे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

४ जुलै १८८१ रोजी तीस विद्यार्थ्यांनिशी टस्कीगीची शाळा सुरू झाली, ती एका चर्चशेजारच्या मोडकळीस आलेल्या खोपटात. राज्याच्या विधिमंडळाने वर्षाला २,००० डॉलर्स मंजूर केले होते खरे, पण ते केवळ शिक्षकांच्या वेतनासाठी. जमीन आणि इमारत यांसाठी एक सेंटही नव्हता. पंचवीस वर्षांच्या वॉशिंग्टनांनी जवळचे एक जुने शेत ५०० डॉलर्सना ठरविले आणि त्याची निम्मी रक्कम ते ज्या हॅम्प्टन संस्थेत शिकले होते, तिच्या खजिनदारांकडून कर्जाऊ घेतली. हे कर्ज फेडण्यासाठी ऑलिव्हिया डेव्हिडसन या त्यांच्या सहकारी शिक्षिकेने गावात जेवणावळी भरविल्या, घरोघर फिरून वर्गणी जमविली आणि पुढे उत्तरेकडील शहरांत जाऊन अनोळखी लोकांची दारे ठोठावली. त्या पुढे वॉशिंग्टनांच्या पत्नी झाल्या आणि १८८९ साली अकाली निवर्तल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांचे नाव पतीच्या नावामागे झाकले गेले. पण निधी मागण्याचे पहिले कष्ट बव्हंशी त्यांचे होते.

त्या काळी दक्षिणेतील शिक्षणाला साहाय्य करणारे दोन मोठे निधी होते. जॉर्ज पीबडी यांचा निधी १८६७ सालचा आणि जॉन स्लेटर यांचा १८८२ सालचा. दोन्हींकडे वॉशिंग्टनांनी अर्ज केले. पीबडी निधीने प्रथम ५०० डॉलर्स दिले, स्लेटर निधीने १,००० डॉलर्स. पुढे दोन्ही रकमा वाढत गेल्या. आधी थोडे द्यायचे, काम पाहायचे आणि मग हात सैल सोडायचा, ही निधीचालकांची रीत तेव्हापासूनचीच आहे. रेल्वेसम्राट कॉलिस हंटिंग्टन यांनी पहिल्या भेटीत वॉशिंग्टनांच्या हातावर दोन डॉलर्स ठेवले होते. त्याच हंटिंग्टनांनी मृत्यूपूर्वी काही महिने संस्थेला ५०,००० डॉलर्स दिले. मधल्या काळात संस्था सतत आपल्या कामाचा वृत्तांत त्यांना कळवीत राहिली होती.

अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडून दान मिळविण्यास तर दहा वर्षे लागली. पहिल्या भेटीत त्यांनी विशेष रस दाखविला नाही. अखेर डिसेंबर १९०० मध्ये वॉशिंग्टनांनी त्यांना एक पत्र लिहिले. अर्ज कसा असावा याचा तो नमुनाच होय. संस्थेत अकराशे विद्यार्थी आहेत; वाचनालयाच्या इमारतीला सुमारे २०,००० डॉलर्स लागतील; विटा पाडणे, गवंडीकाम, सुतारकाम, लोहारकाम सारे विद्यार्थीच करतील; आणि या कामाच्या मजुरीतून अनेकांचे शिक्षण पार पडेल, असे त्यात साध्या शब्दांत मांडले होते. यातील विटांमागे फार मोठा इतिहास होता. संस्थेच्या पहिल्या तीन वीटभट्ट्या फसल्या होत्या आणि चौथीसाठी वॉशिंग्टनांनी स्वतःचे घड्याळ पंधरा डॉलर्सना गहाण टाकले होते. कार्नेगींनी २०,००० डॉलर्सपर्यंतचा खर्च सोसण्याचे तत्काळ मान्य केले. १९०३ साली त्यांनी संस्थेच्या कायम निधीसाठी सहा लाख डॉलर्सचे रोखे दिले.

येथपर्यंतची हकीकत यशाची वाटते. परंतु या यशाची किंमतही होती. दात्यांना रुचेल असेच बोलणे संस्थाचालकाला भाग पडते. उत्तरेतील धनिकांना आणि दक्षिणेतील गोऱ्या सत्ताधाऱ्यांना शेतकी व हस्तोद्योगाचे शिक्षण मान्य होते. कृष्णवर्णीयांचा मताधिकार आणि उच्च विद्या यांचा उच्चार मात्र त्यांना खपत नसे. वॉशिंग्टनांनी जाहीर व्यासपीठावर त्या बाबतीत मौन पाळले. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ साली ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथात या मौनावर कठोर टीका केली. पुढे संशोधकांनी वॉशिंग्टनांची कागदपत्रे तपासली, तेव्हा वेगळीच गोष्ट उजेडात आली. मताधिकार हिरावून घेणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यांना ते गुप्तपणे पैसा पुरवीत होते. जे उघड बोलावयाचे ते लपून करावे लागणे, हा त्या देणग्यांचा कोणत्याही हिशेबवहीत न दिसणारा खर्च होता.

यानंतरचा अध्याय ज्युलियस रोझेनवॉल्ड यांचा. शिकागोच्या सिअर्स-रोबक या प्रख्यात व्यापारी कंपनीचे हे यहुदी अध्यक्ष १९११ साली वॉशिंग्टनांना भेटले आणि पुढच्याच वर्षी टस्कीगीचे विश्वस्त झाले. १२ ऑगस्ट १९१२ रोजी आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी त्यांनी अनेक संस्थांना मोठी दाने दिली. त्यांत टस्कीगीच्या धर्तीवर चालणाऱ्या लहान संस्थांसाठी २५,००० डॉलर्स होते. त्यातील २,८०० डॉलर्स उरले, तेव्हा वॉशिंग्टनांनी सुचविले की आसपासच्या खेड्यांत प्राथमिक शाळांच्या सहा लहान इमारती बांधून पाहू या. रोझेनवॉल्ड तयार झाले. पहिली शाळा १९१३ साली लोचापोका येथे पूर्ण झाली. १९१४ साली आणखी शंभर शाळांसाठी ३०,००० डॉलर्स मिळाले. पुढे सहस्रावधी शाळांना जन्म देणारी ही योजना उगवली ती अर्जदाराच्या मनात, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या अनुदानाची मुख्य अट अशी की इमारतीचा सर्व खर्च निधी देणार नाही. गावाने आपला वाटा उभा केला पाहिजे. आता हे गाव म्हणजे कोण? कर्जात बुडालेले, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकविणारे, गुलामगिरीतून सुटून जेमतेम पन्नास वर्षे झालेले लोक. कित्येक गावांनी शेताचा एक तुकडा शाळेसाठी राखून ठेवला आणि त्यातला कापूस विकून पैसा उभा केला. बायकांनी कोंबड्या रांधून जेवणे विकली. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांनी रानातले लाकूड तोडून दिले आणि अंगमेहनत केली. अलाबामातील एका खेड्यातल्या सभेची हकीकत योजनेच्या प्रतिनिधीने लिहून ठेवली आहे. गुलामगिरीचे दिवस पाहिलेला एक वृद्ध पुढे आला, त्याने तेलकट झालेली जुनी पिशवी काढली आणि आयुष्यभराची शिल्लक मेजावर ओतली. ती अडतीस डॉलर्स भरली. आपल्या नातवंडांच्या मुलांना संधी मिळावी म्हणून आपण सर्वस्व देत आहोत, असे तो म्हणाला. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष वेधले होते, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

दुसरी अट अधिक जाचक होती. शाळा सरकारी व्यवस्थेचा भाग व्हावी, सरकारने ती पुढे चालवावी, म्हणून जमीन व इमारत परगण्याच्या शिक्षण मंडळाच्या नावे करून द्यावी लागे. हेतू शहाणपणाचा होता. परंतु ती मंडळे गोऱ्यांच्या हाती होती. आपण जमीन द्यावी, आपण लाकूड तोडावे, आपण पैसा जमवावा आणि मालकीचा कागद मात्र ज्यांनी आजवर आपल्या मुलांना डावलले त्यांच्या कपाटात जावा, असा हा व्यवहार होता. शिवाय हे लोक कर भरीतच होते आणि त्या करातून गोऱ्या मुलांच्या शाळा उत्तम चालत होत्या. जेम्स अँडरसन या इतिहासकाराने १९८८ सालच्या आपल्या ग्रंथात या वर्गणीला दुहेरी कर म्हटले आहे, ते यथार्थ आहे.

१९१५ साली वॉशिंग्टन वारले. १९१७ साली रोझेनवॉल्ड निधीची रीतसर स्थापना झाली. १९१९ साली फ्लेचर ड्रेसलर या तज्ज्ञांनी इमारतींची तपासणी केली आणि बांधकामातील अनेक दोष दाखवून दिले. परिणामी १९२० साली योजनेचे कार्यालय टस्कीगीहून टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे हलविण्यात आले. त्यानंतर इमारती अधिक चांगल्या झाल्या यात शंका नाही. विजेचे दिवे नसलेल्या त्या खेड्यांत पूर्व-पश्चिमेचा उजेड भरपूर यावा म्हणून उंच खिडक्यांची रांग ठेवलेले आराखडे ही या शाळांची ओळख ठरली. परंतु ज्यांनी कल्पना मांडली आणि पहिली वर्षे राबविली, त्यांच्या हातून कारभार गेला, हेही तितकेच खरे.

१९३२ साली बांधकामाची योजना संपली. त्या वेळचे आकडे बोलके आहेत. पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. शिक्षकांची निवासस्थाने व कार्यशाळा धरून एकूण इमारती ५,३५७. खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर्स. त्यात शासकीय करातून १ कोटी ८१ लाख, गोऱ्या नागरिकांकडून १२ लाख, रोझेनवॉल्ड निधीकडून सुमारे ४३ लाख ६५ हजार आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांकडून सुमारे ४७ लाख २६ हजार डॉलर्स आले. म्हणजे शाळा रोझेनवॉल्डांच्या नावाने ओळखल्या गेल्या, पण त्यांच्या निधीपेक्षा अधिक रक्कम त्या गरीब गावांनी दिली होती. शेकडो मैल कापसाच्या रानात राबलेले श्रम त्यात धरलेले नाहीत.

रोझेनवॉल्डांच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आपला निधी चिरकाल टिकावा असा त्यांचा आग्रह नव्हता. उलट आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत मुद्दलासह सारे खर्च करून टाकावे, असे त्यांनी विश्वस्तांना बजावले होते. जानेवारी १९३२ मध्ये ते निवर्तले आणि १९४८ साली निधीने आपले काम आटोपले. आपल्या ख्रिस्तसभेतील संत कॅथरिन ड्रेक्सेल यांची आठवण येथे होते. फिलाडेल्फियाच्या या धनवान कन्येने १८९१ साली धर्मभगिनींचा संघ स्थापन केला आणि अमेरिकेतील मूळ रहिवासी व कृष्णवर्णीय यांच्या शाळांसाठी सुमारे दोन कोटी डॉलर्स वेचले. वडिलांच्या मृत्युपत्रानुसार त्यांना केवळ हयातीपुरते उत्पन्न मिळत होते. १९५५ साली त्यांचे निधन होताच ते मुद्दल मृत्युपत्रात नमूद केलेल्या संस्थांकडे गेले. मृत्युपत्र आधीचे असल्यामुळे त्या यादीत त्यांच्या स्वतःच्या संघाचे नाव नव्हते. एका दिवसात ओघ आटला; तरी न्यू ऑर्लिन्स येथे त्यांनी स्थापिलेले झेवियर विद्यापीठ आजही चालू आहे. दात्यामागे काम टिकते ते ज्यांनी ते आपले मानले त्यांच्या बळावर.

रोझेनवॉल्ड शाळांचेही तसेच झाले. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविल्या आणि यथावकाश या इमारती ओस पडल्या. पण तेथे शिकलेल्यांत नागरी हक्कांचे झुंजार नेते जॉन लुईस होते आणि लेखिका माया अँजेलो होत्या. २००२ साली या शाळांची नोंद अमेरिकेतील सर्वांत धोक्यात आलेल्या ऐतिहासिक वास्तूंत झाली, तेव्हा त्या वाचविण्यासाठी ठिकठिकाणी माजी विद्यार्थी पुढे सरसावले. मालकीचा कागद दुसऱ्याच्या नावे असला, तरी शाळा कोणाची याचा निवाडा त्यांनी केला होता.

आपल्या धर्मग्रामांतील संस्थांनाही अर्जांचा हा मार्ग नवा नाही. आपल्याकडे परदेशी देणग्यांसंबंधी १९७६ साली कायदा झाला, २०१० साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि २०२० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. त्यामुळे दूरच्या दात्यावर विसंबून राहण्याचे दिवस सरत चालले आहेत. अर्ज करावयास लाज वाटण्याचे कारण नाही. वॉशिंग्टनांनी ते आयुष्यभर केले. मात्र प्रत्येक अर्जापूर्वी कार्यकारी मंडळाने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. या कामात आपल्या लोकांच्या पदरचे काय आहे? हे अनुदान घेतल्यावर आपल्याला कोणत्या विषयावर गप्प बसावे लागणार आहे? आणि उद्या पैसा थांबला, तर हे काम कोण उचलून धरील?

या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर अर्ज अवश्य धाडावा. आणि इमारत उभी राहिल्यावर फलकावर दात्याचे नाव कृतज्ञतेने कोरताना ज्यांनी आपल्या पिशवीतले अडतीस डॉलर्स ओतले त्यांचीही नावे एखाद्या वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या पिढीला खरा इतिहास त्या वहीतच सापडेल.