परत आलेली व्ही.पी.

शिराळ्याचा पिनकोड ४१५४०८. जिल्हा सांगली, पण सांगली शहराचा पिन ४१६ने सुरू होतो आणि ४१५ने सुरू होतो तो साताऱ्याचा. १९४९ पर्यंत हा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा काढला गेला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. १९७२ मध्ये पिनकोड आले तेव्हा टपालाच्या छाननीची सोय पाहिली गेली, जिल्ह्याची हद्द नव्हे. मोरणेकाठचे हे गाव आजही पिनकोडच्या हिशेबात साताऱ्याशी बांधलेले आहे.

अशा गावातून आज कोणी हळद, काकवी किंवा घोंगडी ऑनलाइन विकायला काढली आणि माल ऑनलाइन कंपनीच्या गोदामात न ठेवता स्वतःच पाठवायचे ठरवले, तर घराची पुढची खोलीच गोदाम होते. ऑर्डर पाहायची, खोके भरायचे, वजन करायचे, लेबल चिकटवायचे, कुरिअरच्या गाडीची वेळ गाठायची. एवढे करून चार दिवसांनी तेच खोके, कोपरे चेपलेल्या अवस्थेत, दारात परत. ग्राहक घरी नव्हता, किंवा पैसे द्यायच्या वेळी त्याचे मन बदलले. जाण्याचा खर्च बुडाला, मालही शिळा झाला.

हे दुखणे मोबाइलबरोबर आलेले नाही. ते जवळपास दीडशे वर्षांचे आहे.

१८७७ मध्ये हिंदुस्थानच्या टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केली. मराठी घरांत ती ‘व्ही.पी.’ म्हणून रुळली. विक्रेत्याने पार्सल पोस्टात द्यायचे आणि किती रक्कम वसूल करायची ते लिहून द्यायचे. गावच्या पोस्टात ग्राहक पैसे भरून व्ही.पी. ‘सोडवणार’, आणि ती रक्कम पोस्टातूनच विक्रेत्याकडे येणार. ठरलेल्या मुदतीत कोणी सोडवली नाही, तर पार्सल मूळ पत्त्यावर परत. आज ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात आणि फ्लिपकार्टने २०१० मध्ये जी सोय देऊन ग्राहक मिळवले, तिचा सगळा सांगाडा इथे तयार आहे. एकमेकांना कधी न पाहिलेल्या दोन माणसांमध्ये तिसऱ्याने विश्वासाने उभे राहायचे, हीच त्यातली खरी युक्ती होती.

या सोयीने मराठी मुलखात एक नवा व्यापार उभा राहिला. पुस्तके, औषधे, मासिके पेठेत न जाता मागवता येऊ लागली. जाहिरातीखाली ‘टपालखर्च निराळा’ ही ओळ आली. मासिकांची वर्षाची वर्गणी व्ही.पी.ने वसूल होऊ लागली, आणि वाचकाने ती न सोडवता परत पाठवली की संपादकाला अंकासह टपालखर्चाचाही फटका बसे.

सांगली जिल्ह्यातले याचे मोठे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये औंधच्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळ, माळरान मिळाले. स्टेशनाशेजारची जागा ही त्या कारखान्याची मोठीच जमेची बाजू. लोखंडी नांगर बनवणे हे एक काम, तो दूरच्या शेतकऱ्यापर्यंत पोचवणे हे दुसरे. शिवाय फाळ झिजतो, म्हणजे एकदा विकलेल्या नांगरामागे सुट्या भागांची मागणी वर्षानुवर्षे येत राहते. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले, ते आधी कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे पत्र होते. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. मराठीतले एक नामवंत मासिक मालविक्रीच्या गरजेतून जन्मले, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

नांगर काही पोस्टाच्या थैलीत मावत नाही. अशा जड मालासाठी व्यापाऱ्यांनी रेल्वे आणि पोस्ट यांची सांगड घातली. माल मालगाडीने रवाना करायचा आणि रेल्वेची पावती, म्हणजे बिल्टी, व्ही.पी.ने किंवा बँकेमार्फत ग्राहकाकडे पाठवायची. पैसे भरल्याशिवाय पावती हाती नाही, पावतीशिवाय स्टेशनावर माल नाही. ग्राहकाने हात आखडता घेतला, तर माल फलाटावर पडून राहायचा आणि पडून राहिल्याचे भाडे चढत जायचे. शिराळ्याला रेल्वे नव्हती, आजही नाही. पुणे–मिरज मार्गावरच्या स्टेशनावर माल उतरवून पुढे बैलगाडीने आणावा लागे. रस्ते सुधारले तसे मोटारी, हुंडेकरी आणि नंतर एसटीच्या टपावरची पार्सले आली. वारणेच्या खोऱ्यातल्या शेवटच्या वाडीपर्यंत मात्र पोस्टमनच पोचत होता.

परतीचा प्रश्न कायद्यानेही ओळखला होता, आणि हा भाग फार कमी सांगितला जातो. १८९८च्या टपाल कायद्यातले ३४ आणि ३५ ही कलमे व्ही.पी.बद्दलच होती. खऱ्या मागणीवरूनच माल पाठवत आहे, असे विक्रेत्याकडून लिहून घेण्याची तरतूद त्यात होती. न मागवलेली पुडकी लोकांच्या गळ्यात मारणाऱ्यांना तो लगाम होता. फसवणुकीची तक्रार आली, तर ग्राहकाने भरलेली रक्कम अडवून ठेवून त्याला परत करण्याचे नियमही सरकारला करता येत होते. म्हणजे पैसे धरून ठेवणारे पोस्ट होते, आणि पोस्टाला मालाच्या विक्रीत कसलाही हिस्सा नव्हता.

आज ती जागा ऑनलाइन बाजारपेठेने घेतली आहे. ॲमेझॉन भारतात २०१३ मध्ये आले. विक्रेत्याने स्वतः माल बांधायचा आणि कंपनीच्या वाहतुकीने किंवा स्वतःच्या कुरिअरने पाठवायचा, अशा वाटा तिथे आहेत. ग्राहकाच्या बाजूने २०२० चे ई-कॉमर्स नियम उभे आहेत. सदोष, नकली किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. हे योग्यच आहे. पण वापरून झालेली किंवा बदललेली वस्तू खोक्यात घालून परत आली, तर विक्रेत्याने दाद मागायची ती त्याच कंपनीकडे, जी त्याचे पैसे हाती ठेवते, कमिशन घेते आणि परतीचे नियमही लिहिते. छोट्या गावातल्या विक्रेत्याची खरी अडचण इथे आहे. खोके बांधतानाचे फोटो, वजनाची नोंद, पावत्या तो जपून ठेवतो, पण त्या तपासणारा तटस्थ माणूस त्याला भेटत नाही.

१८९८चा टपाल कायदा २०२४च्या जूनमध्ये रद्द होऊन नवा लागू झाला. त्या जुन्या कायद्यामागची समज ऑनलाइन बाजारासाठी पुन्हा आणायला हवी. परतीच्या तक्रारीचा निवाडा बाजारपेठेच्या मालकाकडे न ठेवता बाहेरच्या यंत्रणेकडे द्यावा, आणि ती यंत्रणा तालुक्याच्या गावातून, मराठीत अर्ज करून गाठता यावी. शिराळ्यासारख्या गावांच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरावी.