पान, दोरी आणि माशाचे पर: ओन्चीने प्रिंटचं काय केलं?

जपानी प्रिंट म्हटलं की होकुसाईची ती मोठी निळी लाट आठवते ना? टी-शर्टवर, वॉलपेपरवर, सगळीकडे तीच. पण ती लाट एकट्या होकुसाईने छापलेली नाही. चित्रकाराने रेखाटायचं, कोरणाऱ्याने कोरायचं, छापणाऱ्याने छापायचं आणि पैसा लावायचा प्रकाशकाने. अशी सगळी टीम होती. ठोकळा चेरीच्या कठीण लाकडाचा, कारण त्यावरून भरपूर प्रती निघायला हव्यात. धंदाच तसा होता.

१९०४ साली यामामोटो कानाएने एका कोळ्याचं चित्र स्वतःच काढलं, स्वतःच कोरलं आणि स्वतःच छापलं. इथून 'सोसाकु हांगा' ही चळवळ उभी राहिली. म्हणजे ठसा हीच कलाकाराची स्वतःची निर्मिती.

आता येतो आपला आजचा माणूस, ओन्ची कोशिरो. जन्म १८९१चा. १९१४ मध्ये त्याने दोन मित्रांबरोबर 'त्सुकुहाए' नावाचं मासिक काढलं. १९१५ मधलं त्याचं 'उजळ वेळ' या अर्थाच्या नावाचं प्रिंट जपानमधल्या अगदी पहिल्या अमूर्त चित्रांपैकी एक मानलं जातं.

पण खरी गंमत पुढे आहे. स्वतःच छापायचं आणि मोजक्याच प्रती काढायच्या, तर ठोकळा टिकाऊ कशाला हवा? ओन्चीने हा प्रश्न शेवटपर्यंत ताणला. दोरी, कापड, कापलेला कागद, झाडाचं पान, अगदी माशाचे परसुद्धा! शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि दाबायचं. दोरीची रेघ होते, पानाच्या शिरा जशाच्या तशा उमटतात.

याची किंमतही होती. पान दोनचार वेळा दाबलं की संपलं. त्यामुळे काही प्रिंट्सच्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच प्रती निघाल्या. कवी हागिवारा साकुतारोचं त्याने केलेलं प्रसिद्ध व्यक्तिचित्र नंतर दुसऱ्यांनीही छापलं, कारण लाकूड शिल्लक होतं. पान कुठून आणणार? ज्या कलेची ताकदच भरपूर प्रती काढण्यात होती, तिच्यातली तीच गोष्ट ओन्चीने सोडून दिली. मग उरतं काय? ठसा. खऱ्या वस्तूने कागदाला केलेला स्पर्श.

१९५५ मध्ये ओन्ची गेला, पण वाट बंद झाली नाही. त्याच्याकडे शिकलेली इवामी रेइका पाण्यात वाहून आलेल्या लाकडाचे ठसे घ्यायची. त्या लाकडाच्या रेषांमधूनच तिचं पाणी तयार व्हायचं, गडद काळं, मध्येच सोन्याचा वर्ख. १९५६ मध्ये स्त्री ठसाचित्रकारांची संघटना सुरू करणाऱ्यांमध्येही ती होती.

तर पुढच्या वेळी असं प्रिंट स्क्रीनवर दिसलं, की जरा झूम करा. हे काय काढलंय, हे नंतर बघू. आधी शोधा, हे कशाने छापलंय!