शरणपूर आफ्रिकी आश्रयगृह

शरणपूर आफ्रिकी आश्रयगृह (आफ्रिकन असायलम) ही एकोणिसाव्या शतकात नाशिक शहरालगतच्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत चालविली गेलेली संस्था होती. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या व ब्रिटिश आरमाराने समुद्रात सोडविलेल्या मुलामुलींना येथे ठेवले जाई. येथे वाढलेल्या मंडळींना पुढे 'बॉम्बे आफ्रिकन्स' असे नाव पडले.

पार्श्वभूमी

हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील मालकी हक्काची न्यायालयीन मान्यता संपुष्टात आली. त्यापूर्वी पेशवाईत कुणबिणी व बटकी बाळगण्याची रीत होती. झांझिबारच्या सुलतानाच्या राज्यात मात्र गुलामांचा व्यापार चालूच होता. गलबतांवर पकडलेल्या गुलामांना आरमार एडन, सेशेल्स किंवा मुंबई येथे उतरवीत असे. मुंबईस आलेल्यांपैकी बरीच मुले चर्च मिशनरी सोसायटीच्या ताब्यात देण्यात आली. या मिशनने नाशिक येथे १८५० च्या दशकात शरणपूर वसविले होते.

आईवडिलांपासून तुटलेल्या या मुलांना नवी ख्रिस्ती नावे मिळत. वेनराइट, वेलिंग्टन, जोन्स अशा आडनावांवरून त्यांच्या मूळ कुळाचा काहीच पत्ता लागत नाही. त्यांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे व्यवसायही शिकविले जात.

लिव्हिंगस्टनच्या मोहिमा

डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या १८६६ च्या मोहिमेत नाशिकची नऊ मुले सामील झाली. १८७२ मध्ये आणखी काही जण त्याच्याकडे पोहोचले. त्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन मरण पावल्यावर त्याचे शव सहकाऱ्यांनी किनाऱ्यापर्यंत वाहून आणले. वेनराइट शवासोबत इंग्लंडला गेला व १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीस उपस्थित होता. मॅथ्यू वेलिंग्टन हा या गटातील दीर्घायुषी सदस्य. तो १९३५ मध्ये वारला.

मोंबासा व रबई

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर ५ जून १८७३ रोजी झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार केला. १८७५ मध्ये नाशिकचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही वसाहत उभारली. नाशिक-मुंबईकडील आफ्रिकी कुटुंबे तेथे स्थलांतरित झाली व शरणपूरचे आश्रयगृह मागे पडले.

करारामुळे व्यापार बंद झाला तरी किनाऱ्यावरील मळ्यांतील गुलामगिरी कायदेशीरच राहिली. तेथील रिवाजानुसार गुलाम स्त्रीचा धनी हाच सामान्यतः तिच्या अपत्याचाही धनी असे. धन्यापासून झालेले मूल तेवढे याला अपवाद ठरे. त्यामुळे पळून जाणाऱ्या आईपुढचा पेच पुरुषाहून वेगळा होता. एकटीने पळावे तर मूल धन्याकडे राही. त्याला घेऊन पळावे तर वेग मंदावे, पकडले जाण्याचा धोका वाढे आणि धन्याच्या लेखी एकाऐवजी दोन 'मालमत्ता' चोरीस जात.

मोंबासानजीकच्या रबई येथील मिशनवस्तीत असे पळून आलेले लोक आसरा घेऊ लागले. मिशनने फरारी गुलामांना थारा देऊ नये, असे अधिकृत धोरण होते. ब्रिटिश वकिलातीला मालकांशी बिघाड नको होता. प्रत्यक्षात रबईची व्यवस्था पाहणारे विल्यम जोन्स, जे स्वतः बालपणी गुलाम होते व नाशिकला वाढले होते, त्यांनी आलेल्यांना परत धाडले नाही. त्यांची ही भूमिका धोरणापेक्षा अधिक माणुसकीची होती, पण धोक्याचीही होती. जोन्स यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा दिली.

१८८८ च्या सुमारास मालकांनी आपले गुलाम परत मागितले व रबईवर हल्ल्याची चिन्हे दिसू लागली. इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना नुकसानभरपाई देऊन तंटा मिटविला आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १,४०० जणांना मुक्ततेचे दाखले देण्यात आले. स्वातंत्र्य मिळाले ते खंडणी भरून. मालकी हक्क चुकीचा होता, हे या व्यवहाराने कोणी कबूल केले नाही. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता या किनाऱ्यावर १९०७ मध्ये रद्द झाली.

स्मृती

फ्रिअरटाउनची घंटा मोंबासा येथे आजही आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांची गलबते दिसताच ती वाजविली जाई, असे सांगतात. तेथील मुक्त गुलामांची कथा जेम्स म्बोटेला यांच्या 'उहुरू वा वातुम्वा' (१९३४) या स्वाहिली पुस्तकात आली आहे. नाशिकमध्ये शरणपूर रस्ता या नावात मूळ वसाहतीचे नाव टिकून आहे.