जुन्या प्लेस्टेशन २ वर रेसिंग गेम: डिस्क, पेनड्राइव्ह की हार्डडिस्क?

गोडदेवमधल्या एखाद्या घरात माळ्यावर पडलेला प्लेस्टेशन २ खाली काढला, तर तो बहुतेक वेळा सुरू होतो. अडतं ते डिस्कपाशी. सोनीने या कन्सोलचं उत्पादन थांबवल्याचं २०१३ च्या सुरुवातीला स्पष्ट झालं. त्यामुळे आज हाती असलेल्या मशीनची लेसर जुनीच असते आणि ओरखडे पडलेल्या डिस्क तिला झेपत नाहीत. म्हणून अनेकजण कन्सोल ‘मॉड’ करतात.

मॉड म्हणजे नेमकं काय?

पूर्वी मदरबोर्डवर चिप सोल्डर करत. तिने कॉपी केलेली डिस्क चालते, पण काम लेसरवरच राहतं आणि घरी राइट केलेली डीव्हीडी वाचणं तिला मूळ डिस्कपेक्षा जड जातं. आता ‘फ्री मॅकबूट’ टाकलेलं मेमरी कार्ड पुरतं, कन्सोल उघडावा लागत नाही. त्यातून ‘ओपन पीएस२ लोडर’ सुरू होतो आणि गेम दुसरीकडून वाचला जातो.

पेनड्राइव्हवर गाडी का अडखळते?

पेनड्राइव्ह सर्वात स्वस्त, पण रेसिंगसाठी सर्वात वाईट. प्लेस्टेशन २ चा यूएसबी १.१ पोर्ट कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे जेमतेम दीड मेगाबाइट देतो. डीव्हीडी ड्राइव्ह याच्या तिप्पट वेगाने वाचू शकतो. ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’मध्ये गाडी पळत असतानाच पुढचा रस्ता आणि इमारती लोड होत असतात. डेटा उशिरा आला की चित्र थबकतं, व्हिडिओ तुटक दिसतात. शिवाय फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ‘ग्रॅन टुरिस्मो ४’ तर दुहेरी थराच्या डीव्हीडीवर आला होता, म्हणजे त्याचे तुकडे करणं आलंच.

जाडजूड जुनं मॉडेल असेल, तर नेटवर्क अडॅप्टर लावून आत हार्डडिस्क बसवावी. रेसिंगसाठी यासारखा पर्याय नाही. २००४ मध्ये आलेल्या स्लिममध्ये ती जागाच नाही, पण लॅन पोर्ट आहे. केबलने कॉम्प्युटर जोडला की गेम तिथून चालतो. विंडोज १० आणि ११ मध्ये यासाठी लागणारं जुनं ‘एसएमबी १’ सहसा बंद असतं. सुरक्षेच्या दृष्टीने ते सतत चालू ठेवू नये.

लॅमिंग्टन रोडला जाण्यासाठी भाईंदरहून लोकल पकडण्याआधी कन्सोलच्या मागचा मॉडेल नंबर टिपून घ्यावा. ९०००० मालिकेतल्या शेवटच्या स्लिमवर फ्री मॅकबूट चालत नाही.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५ए नुसार, हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ५२ मात्र कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, ती खराब होण्याच्या भीतीपोटी प्रोग्रॅमची बॅकअप प्रत करू देतं. दुकानात ‘२०० गेमसकट’ मिळणारी हार्डडिस्क या सवलतीत बसत नाही.

आणि जुने सेव्ह वेगळ्या मेमरी कार्डवर आधीच कॉपी करावेत. स्वस्त बनावट कार्ड बिघडलं, तर अर्धी झालेली करिअर परत मिळत नाही.