व्हेंटिलेटर, केईएम आणि बाबांचा कागद

गेल्या रविवारी पोहे खाताखाता बाबांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. "तुझं नाव घातलंय यात. चालेल ना?"

कागद म्हणजे त्यांचं लिव्हिंग विल. बरं होण्याची आशा नसेल आणि मला स्वतःला बोलता येत नसेल, तर यंत्रांवर ठेवू नका, फक्त त्रास कमी करा, आणि निर्णयासाठी माझ्या मुलाला विचारा. आई काही न बोलता चहा टाकायला उठली.

मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. कारण आजी. दोन वर्षांपूर्वी ती एकोणीस दिवस आयसीयूत होती. डॉक्टर रोज विचारायचे, पुढे काय करायचं? आम्ही रोज म्हणायचो, "सगळं करा." दुसरं काही म्हणता येतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मग आठवडाभर वाचत बसलो. जे हाती लागलं ते असं.

आयसीयूचा उगम कोपनहेगनचा. १९५२ सालच्या पोलिओच्या साथीत श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसं मरत होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी दाबून हवा दिली. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले! पुढच्याच वर्षी इब्सेनने असा कायमचा विभाग सुरू केला. कल्पना सरळ होती: शरीर सावरेपर्यंत वेळ मिळवून द्यायचा. पण शरीर सावरणारच नसेल तर? आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत, लूप लिहिला पण बाहेर पडायची अट लिहायची राहून गेली.

ती अट दुसरीकडे लिहिली जात होती. १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. १९८६ मध्ये भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, आमच्या पार्ल्याहून तीन स्टेशनांवर, वांद्र्यात सुरू झालं. पण ते कॅन्सरच्या रुग्णांसाठी. आयसीयूचं दार वेगळंच राहिलं. त्यात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळवणंही महाकठीण झालं. तो जाच कमी करायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली.

१९९३ साली मुंबईत आयसीयूच्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार कसे मर्यादित करायचे, याची मार्गदर्शक तत्त्वं तिने २००५ मध्ये काढली. २०१२ मध्ये ती सुधारताना पॅलिएटिव्ह केअर हा आयसीयूच्याच कामाचा भाग धरला. डॉक्टरांनी लिहिलं खरं, पण व्हेंटिलेटर काढला तर उद्या पोलीस येतील का, या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

ते उत्तर परळच्या केईएममधून आलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला. पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या तिथेच एका खाटेवर होत्या, आणि केईएमच्या परिचारिकांनी त्यांना जिवापाड जपलं. पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. पण त्याच निकालात, कडक अटींवर, जीव लांबवणारे उपचार थांबवायला तत्त्वतः मान्यता दिली. अरुणाताई मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने गेल्या. शेवटचे दिवस आयसीयूत, व्हेंटिलेटरवर.

९ मार्च २०१८ च्या निकालाने लिव्हिंग विल वैध झालं, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी होती. ती कोण आणणार? जानेवारी २०२३ मध्ये ही अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वेळ आली की तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात, साधारण ४८ तासांत. कागदाची प्रत स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. असे अधिकारी नेमावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, आणि मग राज्यभर नेमणुका झाल्या. म्हणजे मृत्यूचा हा कागद आता वॉर्ड ऑफिसपर्यंत पोचलाय!

एक गैरसमज मात्र माझाही होता. उपचार थांबवणं म्हणजे माणसाला टाकून देणं नव्हे, आणि इंजेक्शन देऊन मारणंही नव्हे. तो आजही गुन्हाच आहे. धाप लागली तर मॉर्फिन, घाबरं झालं तर झोपेचं औषध, विनाकारण सुया टोचणं बंद, आणि घरचं माणूस उशाशी. आजीला एवढं तरी देता आलं असतं. तिच्या उशाशी आम्ही दिवसातून दहा मिनिटं होतो, तेही एका वेळी एकच.

काल रात्री बाबांना "चालेल" म्हणालो. ते म्हणाले, "बरं." आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. आई मात्र थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणखी एक कोरा कागद आहे का रे?"