सुरतेचे जेवण आणि मोडशीचा इतिहास

'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काशीची घाई नाही, पण सुरतेचे जेवण मी जेवून आलो. माझे साडू मूळचे धुळ्याकडचे, त्यांच्या दोन पिढ्या सुरतेच्या उधना भागात गेल्या. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तिथे 'चंदनी पडवो' असतो. त्या रात्री सारे शहर गच्चीवर किंवा रस्त्याकडेला चटया अंथरून घारी खात बसते. आत मावा आणि सुकामेवा, वरून तुपाचा पांढरा थर. एक खाल्ली की दुसरीची हिंमत होत नाही, पण हात मात्र पुढे जातो.

त्याच दिवशी सकाळी त्यांच्याकडच्या वर्तमानपत्रात बातमी होती की महापालिकेच्या लोकांनी दुकानोदुकानी फिरून घारीचे आणि माव्याचे नमुने घेतले. मी जरा कचरलो. साडू हसले. म्हणाले, "दरवर्षी येते ही बातमी. ती वाचून हात आखडू नका, भाऊ. ज्या वर्षी येणार नाही, त्या वर्षी घाबरायचं!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खवय्यांच्या या शहराला ही शिस्त लागली कशी? त्याचे उत्तर १९९४ सालात आहे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला. सप्टेंबरमध्ये, तापीच्या पुराचा चिखल पुरता वाळलेला नसताना, सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगचे रुग्ण मरू लागले. लाखो माणसे शहर सोडून पळाली. साडूंचे कुटुंब ताप्ती लाइनच्या गाडीने खान्देशात गेले. डब्यात उभे राहायलाही जागा नव्हती आणि प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल होता, असे ते सांगतात. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या बाजारातून नाहीशा झाल्या. काही आखाती देशांनी भारताची विमाने थांबवली. मी तेव्हा शाळेत होतो. आखातात माणसे असलेल्या गोव्यातल्या घरांत चाललेली काळजी मला अजून आठवते. सुरतेत मरण पावलेल्यांचा आकडा शेवटी पन्नासच्या आसपास राहिला, पण शहराचे नाव जगभर खराब झाले.

आता गंमत अशी की, प्लेग हा अन्नातून होणारा रोग नव्हे. गाठीचा प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे होतो आणि फुफ्फुसाचा खोकल्यातून पसरतो. तरीही सुरतेची स्वयंपाकघरे बदलली ती या प्लेगमुळे.

१९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडले आणि प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला निर्णयाचे अधिकार दिले. साहेबांनी एसी खोलीत न बसता रोज सकाळी रस्त्यावर उतरायचे, असा दंडक घातला. त्याला 'एसी टू डीसी' असे नाव पडले. डीसी म्हणजे डेली चोअर्स, रोजची कामे. कचरा, गटारे, अतिक्रमणे हे तर झालेच. पण हॉटेले, फरसाणाची दुकाने आणि मिठाईवालेही तपासले जाऊ लागले. सुरुवात नामांकितांपासून झाली, त्यामुळे लहानांना तक्रारीला जागा उरली नाही. दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. इस्पितळांतून आणि डॉक्टरांकडून रोगांचे आकडे रोजच्या रोज गोळा होऊ लागले. एखाद्या वॉर्डात जुलाबाचे रुग्ण वाढले की तिथले पाणी तपासायला माणूस जाई.

साडूंच्या वडिलांची तेव्हा लूम कामगारांसाठी छोटी खानावळ होती. आतल्या मोरीजवळच्या भिंतीला लाद्या लावा, पाण्याच्या पिंपाला तोटी बसवा, शिजवलेले झाकून ठेवा, असे त्यांना सांगण्यात आले. म्हाताऱ्याने कर्ज काढून ते केले आणि वर्षभर शिव्या घातल्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्याच ध्यानात आले की पोट बिघडले म्हणून खाडे करणारे मेंबर कमी झालेत. मग शिव्या थांबल्या. कर्ज मात्र पुढे दोन वर्षे फिटत होते, हेही सांगितले पाहिजे. स्वच्छता फुकट येत नसते.

सुरतेने हे व्रत सोडले नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग बुडवला, पण १९९४ सारखी पळापळ पुन्हा झाली नाही. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या जोडीने देशात पहिली आली.

सुरतेचे एवढे पुराण लावण्याचे कारण आपल्याच घरात आहे. अन्नपाण्याच्या रोगाचा इतिहास शोधू लागलो तर सुरतेआधी जुने गोवे लागते. १५४३ साली तिथे पटकीची भयंकर साथ आली आणि गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने तिचे वर्णन करून ठेवले. पुढे १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता यांचा प्रसिद्ध ग्रंथ गोव्यातच छापला गेला, त्यातही या रोगावर एक प्रकरण आहे. पोर्तुगीज या रोगाला 'मोर्देशी' म्हणत. हा शब्द कुठला? आपल्या आजीच्या तोंडची 'मोडशी'! पुढे फ्रेंचांनी त्याचे 'मोर द शियाँ' केले, म्हणजे कुत्र्याची मौत. आपला एक घरगुती शब्द असा युरोपभर फिरून आला.

त्या वैभवशाली शहराखालचा दगड सच्छिद्र. घाण झिरपून विहिरींत उतरे आणि तेच पाणी लोक पीत. साथीमागून साथी आल्या, माणसे निघून गेली, आणि अखेर १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. आज आपण तिथली चर्चे पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, पण ते शहर ओस पडण्यात अशुद्ध पाण्याचाही मोठा वाटा होता, हे सांगत नाही.

आणि हे जुने झाले असेही नाही. मी विशीत असताना आमच्या नात्यातल्या एका मंगलकार्यानंतर तीसेक माणसे उलट्या-जुलाबाने आडवी झाली. माझ्या आतेला सलाईन लावावे लागले. खापर खतखत्यावर फुटले. कोणी पाणी म्हणाले, कोणी दृष्ट म्हणाले. बऱ्याच वर्षांनी तेव्हाचा म्हातारा आचारी भेटला. सहज विषय निघाला तर म्हणाला, "भात आदल्या रात्रीच शिजवून टोपल्यांत भरला होता. मला कोणी विचारलेच नाही."

विचारायला हवे होते ते एवढेच. शिजवलेले अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिले की त्यात जंतू वाढतात. अनुकूल उबेत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे चार तासांत एकाचे चार हजार! शिवाय भातात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. म्हणून गरम ते कढत वाढावे, उरलेले लगेच थंड करून ठेवावे, हात धुवावेत, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवावे. यात आपल्या आज्यांना नवे वाटावे असे काही नाही. फक्त शंभर पानांच्या पंगतीत आजीचा डोळा पोचत नाही, तिथे नियम लागतो. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा त्यासाठीच आहे.

आपण काय केले? २०२२ मध्ये वास्कोच्या सप्ताहात गोबी मंच्युरियनच्या स्टॉल्सवर निर्बंध आले, २०२४ मध्ये म्हापसा पालिकेने बंदीचा ठराव घेतला. कारणे दिली गेली ती कृत्रिम रंगांची आणि अस्वच्छतेची. कारणे खरीच होती. पण गोबी गेली आणि त्याच जागी भजी आली, तर बादलीतले पाणी तेच राहते, हात पुसायचे फडकेही तेच. बंदी एका दिवसात होते आणि पेपरात छापूनही येते. तपासणी मात्र रोज करावी लागते आणि तिचे कोणी कौतुक करत नाही.

मी कारकून माणूस. रजिस्टर भरण्याच्या कामाला लोक हसतात हे मला ठाऊक आहे. पण सुरतेला पुन्हा उभे केले ते अशाच रजिस्टरांनी. कोणत्या वॉर्डात किती जुलाब, कोणत्या नळाला किती क्लोरीन, कोणाचा मावा कधी तपासला, हे रोज कोणीतरी लिहीत होते आणि कोणीतरी ते वाचत होते.

पुढच्या जत्रेला जाल तेव्हा खाजें जरूर घ्या, भजीही खा. फक्त गाडेवाल्याला एकदा विचारा, "बाबा, पाणी कुठले?" आमच्या आचाऱ्याला तेवढे कोणी विचारले नव्हते.