काठावरची नेमणूक

लॉस एंजेलिसच्या कोलिझियम क्रीडागारासमोर रॉबर्ट ग्रॅहम या शिल्पकाराने घडविलेल्या स्त्री आणि पुरुष अशा दोन विवस्त्र ब्राँझमूर्ती १९८४ च्या ऑलिंपिकपासून उभ्या आहेत. मूर्तींना मस्तक नाही. त्यामुळे त्यांतील पुरुषाचा रुंद स्कंधप्रदेश आणि पीळदार बाहू पाहून थबकणाऱ्या प्रवाशाला हा देह टेरी श्रोडर नावाच्या वॉटर पोलोपटूचा आहे, हे कोणी सांगितल्यावाचून कळण्याचा संभव नाही. सांगितले तरी ते नाव त्याच्या ओळखीचे निघेलच असे नाही. कारण ज्या देशात बेसबॉलच्या खेळाडूंना राजवैभव लाभते, तेथे या खेळाच्या वाट्याला लौकिक बेताचा आला आणि द्रव्य तर त्याहूनही बेताचे. अशा खेळातील अव्वल मनुष्य तारुण्य सरल्यावर, किंबहुना ते सरण्यापूर्वीच, पोटासाठी काय करतो, या प्रश्नाचे उत्तर कॅलिफोर्नियातील विद्यापीठांच्या दफ्तरांत गेली साठ वर्षे लिहिले जात आहे.

खेळ मूळचा ब्रिटनचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अमेरिकेत तो प्रथम आला तेव्हा अर्धवट फुगविलेल्या मऊ चेंडूने खेळला जाणारा तो जलमल्लयुद्धाचाच एक प्रकार होता. आजच्या रूपात प्रत्येक बाजूस सात गडी असतात आणि तळाला पाय टेकणे गोलरक्षकावाचून कोणासही मना आहे. दोन्ही पाय गुडघ्यापासून आळीपाळीने, परस्परविरुद्ध दिशांनी, रवीसारखे घुसळीत राहून देह छातीपर्यंत पाण्याबाहेर तोलून धरावयाचा, ही या विद्येची बाराखडी. श्रोडरची जागा प्रतिपक्षाच्या गोलापासून अवघ्या दोन मीटरांवर, गोलाकडे पाठ करून. तेथे पाठीवर स्वार झालेला रक्षक, पाण्याखाली पंचाला न दिसणारे धक्के आणि पोशाखाला बसणारे हिसके सोसीत चेंडूची वाट पाहावयाची. हे जो दहा वर्षे करतो, त्याला बळाइतकीच सहनशीलतेची सवय जडते. आणि ही सवय शिक्षकाच्या धंद्यात वाया जात नाही.

हंगेरी आणि युगोस्लाविया येथे हा खेळ लोकप्रिय होता आणि खेळाडूच्या पाठीशी क्लब वा सरकार उभे असे. आपल्याकडे, १९५१ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत वॉटर पोलोचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या या देशात, तो भार पुढे मुख्यत्वे रेल्वे आणि सेनादल यांनी वाहिला. अमेरिकेत असा आश्रयदाता नव्हता. तेथे होती ती फक्त विद्यापीठे, त्यांचे तलाव आणि त्यांच्या पगारपत्रकावरील एक हुद्दा.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकात हंगेरी आणि सोव्हिएत संघ यांच्यातील तो कुप्रसिद्ध सामना झाला, ज्यात एर्विन झादोर याच्या भुवईखालून वाहणारे रक्त साऱ्या जगाने छायाचित्रांत पाहिले. मायदेशी परतण्याऐवजी झादोर अमेरिकेस गेला आणि कॅलिफोर्नियात पोहण्याचा प्रशिक्षक झाला; त्याच्या हाताखाली शिकलेल्या मुलांत मार्क स्पिट्झ होता. त्याच मेलबर्नमध्ये अमेरिकेचा गोल राखणारा बॉब हॉर्न पुढे १९६० च्या रोम ऑलिंपिकातही खेळला आणि नंतर यूसीएलए या विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. महाविद्यालयांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९६९ साली भरली, ती हॉर्नच्या शिष्यांनी जिंकली. ऑलिंपिकपटूने महाविद्यालयीन संघाची सूत्रे हाती घ्यावयाची, या प्रघाताला तेथून प्रतिष्ठा आली असे मी मानतो.

परंतु उत्तम खेळाडू तोच उत्तम गुरू, असा निष्कर्ष कोणी काढील तर बर्कली विद्यापीठाचा प्रशिक्षक पीट कुटिनो त्याच्या आड येतो. मॉन्टेरेच्या कोळी कुटुंबातील हा धिप्पाड गृहस्थ ऑलिंपिकात कधी खेळला नाही. तरीही १९६३ ते १९८८ या कारकीर्दीत त्याने आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली, आणि महाविद्यालयांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूस दिल्या जाणाऱ्या पारितोषिकाला आज त्याचेच नाव आहे. सनद पाण्यात मिळत असेल. अक्कल मात्र काठावरच सिद्ध करावी लागते.

श्रोडरची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. १९८० चे मॉस्को ऑलिंपिक अमेरिकेच्या बहिष्कारामुळे हुकले. १९८४ साली युगोस्लावियाशी ५-५ अशी बरोबरी होऊनही गोलांच्या फरकावर रौप्य पत्करावे लागले. १९८६ साली पेपरडाइन या आपल्याच विद्यापीठाने त्याला प्रशिक्षक नेमले, तेव्हा त्याने खेळ सोडला नव्हता. १९८८ ला सोलमध्ये पुन्हा युगोस्लाविया, या खेपेस जादा वेळ आणि पुन्हा रौप्य. १९९२ ला चौथे स्थान. म्हणजे ऐन उमेदीची सहा-सात वर्षे हा मनुष्य एकीकडे मुलांना हुकूम देत होता आणि दुसरीकडे स्वतः प्रशिक्षकाचे हुकूम झेलीत होता. शिवाय चरितार्थासाठी काइरोप्रॅक्टिकचा, म्हणजे कणा आणि सांधे हाताने बसविण्याच्या चिकित्सेचा, व्यवसाय होताच. १९९७ साली पेपरडाइनला त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. २००८ साली बीजिंगमध्ये त्याच्या हाताखालील राष्ट्रीय संघाने रौप्यपदक जिंकले, ही वीस वर्षांच्या दुष्काळानंतरची पहिली प्राप्ती.

त्या रौप्यविजेत्या संघात अ‍ॅडम राइट होता. २००९ साली यूसीएलएचे प्रशिक्षकपद त्याच्याकडे आले आणि गुरूप्रमाणेच त्यानेही खेळ सोडला नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकात विद्यापीठाचा हा प्रमुख प्रशिक्षक श्रोडरच्या हाताखाली साधा गडी म्हणून पाण्यात उतरला. बर्कलीत कुटिनोच्या तालमीत १९८७ आणि १९८८ ची अजिंक्यपदे जिंकलेला कर्क एव्हरिस्ट दोन ऑलिंपिके खेळून २००२ साली त्याच तलावाकाठी गुरूच्या जागी आला.

या हुद्द्याचा पुष्कळसा वेळ मात्र पाण्यापासून दूर, जमाखर्चात जातो. पुरुषांच्या वॉटर पोलो संघाला दीर्घकाळ साडेचारच शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती, आणि संघात मुले वीसच्या आसपास. तेव्हा कोणाला पाव, कोणाला अर्धी, कोणाला नुसतेच आश्वासन, अशी वाटणी करून सतरा वर्षांच्या मुलाच्या वडिलांची समजूत घालणे, हे काम ऑलिंपिकच्या पदकाने सोपे होत नाही. पदक फार तर दार उघडून देते. आत बसून हिशेब ज्याचा त्यालाच करावा लागतो.

स्त्रियांचा वॉटर पोलो २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकात आला आणि २००१ पासून त्यांचीही महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तेथील रौप्यविजेत्या अमेरिकी संघातील कोरली सिमन्स पुढे प्रशिक्षक झाली खरी, तरी नव्या जागांवर सर्वत्र खेळाडू स्त्रियांचीच वर्णी लागली असे नाही. यूसीएलएने २०१७ साली स्त्रियांचा संघही राइट याच्याच हवाली केला.